गळतं तिथं नसतं

सहा दिवस झाले,
रोज पहाटे खळ्यातल्या चिऱ्यावर एक काळा रुपया.
राख टाकली, रिठ्याचं पाणी ओतलं,
चिरा एकदा तेल प्यायला की परत देत नाही.
आता रुपयाची बशी झालीय.

जनू कोयंडे गडग्यापलीकडून म्हणाला,
"बाय गे, गाडी म्हातारी झाली तुझी.
रातची कळ काढूक जमना नाय तिका."

मिठबावात गॅरेज नाही.
देवगडचा मेस्त्री सोमवारी ये म्हणतो,
कुठल्या सोमवारी ते सांगत नाही.
मला आठवड्याला चार उपकेंद्रं,
मागच्या सीटवर लशींचा डबा, आत वितळणारा बर्फ.

म्हणून शनिवारी रात्री
आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा उलगडून गाडीखाली सरकवला.
सकाळी तीन थेंब.
एक नेमका छापील हापूसच्या देठावर.
बोटावर घेतला, चोळला, हुंगला.
हिरवा असता तर रेडिएटरचा, लाल असता तर स्टिअरिंगचा,
हा तपकिरी, जळका. इंजिनाचाच.

"काळजीपूर्वक हाताळा" या अक्षरांवर पाठ टेकून
मी खाली शिरले.
जनूचा नातू तन्वेश टॉर्च धरून,
उजेड सगळा माझ्या डोळ्यांत.
वर काळा लगदा: तेल, वाळू,
सुरूच्या काड्या, कुठल्या तरी लग्नातली अक्षत.
यात काय शोधणार?
आधी पुसून घ्यायचं, मग जखम बघायची,
बावीस वर्षं हेच करत आले.
होडीतलं तांब्याभर डिझेल, दात घासायचा जुना ब्रश,
परकराची चिंधी.

पुसता पुसता खालच्या बोल्टाशी
हाताला लागला एम-सीलचा गोळा,
दगडासारखा घट्ट,
आणि त्यात दाबलेला एक अंगठा.
रेषा न् रेषा.

हरेश्वर, माझा चुलतभाऊ,
चार महिन्यांमागे ठाण्याहून गाडी घेऊन आला,
सोलकढी तीनदा मागून प्यायला,
"अक्का, थेंब गळत नाही," म्हणाला.
नव्वद हजार. निम्मे भिशीचे.

फोन उचलला.
तेलकट बोट स्क्रीन ओळखेना.
परकराला पुसलं, परत लावलं, तरी ओळखेना.

गडग्यावर जनू, विडी विझलेली:
"गळता थंय नसता गे.
कौल फुटता एकीकडे,
पाणी पडता भलत्याच्याच अंगार.
वर बघ."

वर बघायचं म्हणून
कपाटातली अंगाला लावायची पावडर आणली,
डबा उलटा करून अख्ख्या इंजिनावर फुंकली.
दशावतारातला राजा निम्मा रंगून उठावा
तशी गाडी घेऊन शाळेपर्यंत गेले,
बंदराच्या चढावर जरा जास्तच रेस दिली,
आले.

बॉनेट उघडला.
पांढऱ्यात एक ओली रेघ.
वरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेली,
वायरीवर क्षणभर थांबलेली,
वाऱ्यानं तिरकी ढकलत नेलेली,
खाली बोल्टाला वळसा घालून
चेंबरच्या कडेवर लोंबणारी.
आणि एम-सील?
कोरडा ठणठणीत.
पावडर रेषांत बसून
अंगठा आता जास्तच उमटलेला.

झाकण काढलं तर आतलं रबर
सुक्या बांगड्यासारखं, हातातच मोडलं.
दोनशे चाळीस रुपये.
कणकवलीहून कंडक्टरच्या हाती
बुधवारच्या एसटीनं आलं.

"ह्यो आंगठो कोणाचो गे?" तन्वेश विचारत होता.
माझ्या भावाचा, म्हटलं.
इमारतीच्या पार्किंगात, ऑफिसच्या शर्टात
तोही असाच उताणा पडला असेल,
तोंडावर थेंब झेलत.
तेव्हा लपवत होता की वाचवत होता,
ते पावडरीत दिसत नाही.

फोन अजून केला नाही.
खळं कोरडं आहे, तरी रात्री पुठ्ठा घालते,
त्यावर आता मांजर झोपतं.

पाच हजारांवर तेल बदलायचं,
तेव्हा तोच बोल्ट उघडावा लागेल,
म्हणजे अंगठा फोडावा लागेल.
मीटरवर अजून सहाशे बाकी आहेत.
उद्या मुणगे, परवा हिंदळे.